बेन थानच्या चौकात लोआनवहिनी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोआनवहिनीची भाताची गाडी आहे. कणीचा भात, वर निखाऱ्यावर भाजलेली डुकराची फोड, बाजूला माशाचं आंबटगोड पाणी. सायगॉनमध्ये असा भात हजार ठिकाणी मिळतो, पण वहिनीसारखा शिवीसकट कुणी वाढत नाही. पहाटे पाचला तिचे निखारे पेटतात आणि दुपारी बाराला भांडी घासून होतात. वर्षातले नवीन वर्षाचे तीन दिवस सोडले तर यात खंड नाही. बाई ह्याच गल्लीत जन्मली, ह्याच गल्लीत लग्न केलं आणि पुलापलीकडे तिचं काम पडतं ते फक्त मासळीबाजारात.

तिचा नवरा फुओक आणि मी, दोघंही मोटारसायकलवर भाडी मारतो. कोपऱ्यावर गाड्या लावायच्या, गाडीवरच आडवं व्हायचं, कुणी हाक मारली की उठायचं. मला सगळे साउ म्हणतात. लग्न केलेलं नाही, त्यामुळे सकाळचं जेवण वहिनीकडे आणि दिवसभराची बोलणीही तिच्याकडूनच.

हेल्मेटची सक्ती व्हायच्या आधीची ही गोष्ट. फुओकच्या चुलतभावाचा मुलगा कुओंग फुओकच्या गावाहून, नारळांच्या बेनत्रेहून आला. लग्नाला नऊ दिवस झालेले. सोबत नवी नवरी लुआ, आणि नारळाच्या वड्यांची भली मोठी पिशवी. दोघांनी आयुष्यात फेरीबोटीपेक्षा मोठी गर्दी पाहिलेली नव्हती. चार दिवस काकांकडे राहून शहर बघायचं, असा बेत. वहिनीने पोटमाळा झाडून दिला, नवी चटई आणली, आणि मला म्हणाली, "पोर गुणाची आहे रे. आल्याआल्या भांडी घासायला बसली." तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं.

पहिल्या दिवशी कुओंग माझ्या गाडीवर, कारण तो ऐंशी किलोचा आणि फुओकच्या गाडीचे स्प्रिंग मेलेले. लुआ फुओकच्या मागे. बेन थान बाजारासमोर गाड्या लावल्या आणि रस्ता ओलांडायचा होता. तो चौक म्हणजे पाच रस्ते एका ठिकाणी ओतलेले. मोटारसायकली थांबतच नाहीत, थांबायचं असतं असं कुणी त्यांना सांगितलेलंच नाही. ओलांडणाऱ्याने फक्त सावकाश चालत राहायचं, एका चालीने. गाड्या आपल्याला वळसा घालून जातात. पळायचं नाही, मागे फिरायचं नाही, आणि मेलात तरी मध्ये थांबायचं नाही.

ती दोघं फुटपाथवर दहा मिनिटं उभी. कुओंग म्हणाला, "काका, बाजार इथूनच छान दिसतोय." लुआच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. मग फुओकने एका हातात तिचा हात घेतला, दुसऱ्या हातात त्याचा, आणि दोन वासरं ओढ्यातून न्यावीत तसं दोघांना पलीकडे नेलं.

आता चूक माझी. दुसऱ्या दिवशी सकाळी भात खाताना मी हा किस्सा वहिनीला रंगवून सांगितला. आणि किस्सा रंगवताना कुओंगचा हात माझ्याकडून गळाला.

वहिनी फोड उलटवत होती. चिमटा हवेतच राहिला. "हात धरला?"

"मग काय! अलगद. फुलासारखा."

"अलगद," वहिनी म्हणाली, आणि त्या दिवशी लुआच्या ताटलीत करपलेली फोड गेली.

त्या दिवशी आम्ही प्राणिसंग्रहालय पाहिलं, मग एका मोठ्या दुकानातला सरकता जिना. जिन्यावर पाय टाकायला लुआ तयार होईना. फुओकने पुन्हा हात दिला. कुओंग त्याच्या शर्टाला मागून लोंबकळत होता. आमची वरात वर पोचली तेव्हा दुकानातल्या पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. संध्याकाळी लुआनेच ते सगळं काकूला सांगितलं, बिचारीने अगदी कौतुकाने. "काकू, काकांचा हात धरला की भीतीच वाटत नाही बघा."

"हो का," वहिनी म्हणाली. "मला नाही बाई माहीत. मला कुठं दाखवतोय कुणी जिने."

फुओक हसला. त्याला वाटलं गंमत चालली आहे. "तुला काय जिने बघायचेत? तू सायगॉनची."

"सायगॉनची म्हणजे काय आंधळी आहे मी? तो हत्ती मी शेवटचा पाहिला तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. ह्यांना दोन दिवसांत हत्ती, माकडं, जिना, सगळं! सव्वीस वर्षं झाली लग्नाला. मला काय दाखवलंस? कोळशाचं पोतं!"

"पोतं तू सांगितलंस म्हणून आणलं," फुओक म्हणाला. तो असाच आहे. विचारलं तेवढंच उत्तर देतो, आणि तेही चुकीचं.

पोरगी घाबरून भांडी घासायला गेली. वहिनी माझ्या शेजारी स्टुलावर बसली. मी म्हटलं, "वहिनी, उगाच काय? त्या पोरीच्या बापाच्या वयाचा आहे तो."

"मला कळत नाही का ते? मी काही खुळी नाही. तो तसला नाही आणि पोर तर बिचारी गाय आहे." तिने चपलेने एक कोळसा बाजूला सारला. "पण साउ, जळतंय रे मला. खोटं कशाला बोलू? हात धरतो म्हणजे काय! मला वाटायचं, ह्या माणसाला ते येतच नाही. काही पुरुषांना येत नाही, तसला हा. ठीक आहे म्हटलं. तर ह्याला येतंय! येतंय, आणि परक्या पोरीसाठी येतंय."

मी म्हटलं, तिला रस्ता ओलांडता येत नाही म्हणून धरला. तुला येतो.

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी बर्फाची कॉफी अर्धी टाकून उठलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे निखारे पेटले नाहीत. गल्लीतली माणसं हातात डबे घेऊन उभी, कुणी विचारतंय वहिनीला ताप आला का, कुणी विचारतंय कोण गेलं. आणि वहिनी आली ती नव्या फुलाफुलांच्या कपड्यांत, ओठांना रंग लावून. "आज मी पण शहर बघणार," ती म्हणाली. "कुणाला भात हवा असेल त्याने स्वतः शिजवावा."

माणसं पाच, गाड्या दोन. बसने निघालो. दोन गाडीवाले बसमध्ये चढताना पाहून कोपऱ्यावरच्या बाकीच्यांनी जो ओरडा केला तो पुलापर्यंत ऐकू येत होता. बसमध्ये वहिनी माझ्या कानाशी आली. "आज मी गावची. कळलं? मला रस्ता येत नाही. मध्ये बोललास तर उद्यापासून उपाशी मरशील."

मी मान हलवली. पण हिच्या डोक्यात काय शिजतंय ते मला दिसत होतं. गावच्या माणसाचं घाबरणं फुटपाथवरच होतं. तो तिथेच उभा राहतो, म्हणून वाचतो. रस्त्यात उतरून मग ओलांडता न येण्याचं सोंग कुणी करत नाही.

चौकात आलो. लुआला नारळाच्या पानांची टोपी घ्यायची होती, ती बाजारात पलीकडे. फुओकने सवयीने डावा हात तिला दिला, उजवा कुओंगला. हात संपले. "चल गं," तो वहिनीला मागे वळून म्हणाला आणि निघाला सुद्धा. वहिनी फुटपाथवरच. ओठ घट्ट मिटलेले. ती तिघं पलीकडे पोचली, फुओकने वळून पाहिलं, हाताने ये-ये केलं, आणि सिगरेट काढली.

वहिनी रस्त्यात उतरली. वीस पावलं गेली, अगदी चौकाच्या मधोमध, आणि उभी राहिली.

मी ओरडलो, "वहिनी, चाल!" ती ऐकेना. तिचे डोळे नवऱ्यावर. ये ना, असं तिचं सगळं अंग म्हणत होतं, हे मला मागूनसुद्धा कळलं. पहिले दोन-तीन गाडीवाले शिव्या देत बाजूने गेले. मग कोंबड्यांचे पिंजरे लादलेला एक जण आला, वहिनी चालेल असा अंदाज धरून त्याने गाडी घातली होती, ती चालली नाही, तो वेडावाकडा झाला, एका पिंजऱ्याने तिच्या खांद्याला घासलं, पिसं उडाली. आणि तिथून सोंग संपलं. आयुष्यभर ह्या रस्त्यांत वावरलेली बाई खरोखरच घाबरली. दोन्ही हात छातीशी घेऊन उभी राहिली.

आणि फुओक? काडी ओढत होता. वाऱ्याने विझली, तर दुसरी ओढली.

रस्त्यात उतरली ती लुआ. दोन दिवसांपूर्वी इथेच रडणारी पोरगी. एक हात वर, एका चालीने, सावकाश, शिकवलं होतं तसं. गाड्या तिला वळसा घालून जात होत्या. ती वहिनीपर्यंत आली, तिचा हात छातीपासून सोडवून स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाली, मला ते ऐकू आलं नाही पण नंतर तिने सांगितलं, "काकू, माझ्याकडे बघा. बाकी कुणाकडे नको." आणि घेऊन गेली पलीकडे. मी मागोमाग धावलो, धावायचं नसतं तरी.

फुटपाथवर पाय लागताच वहिनी नवऱ्यावर तुटून पडली. "मरत होते मी तिथं! आणि तू सिगरेट पेटवतोयस?"

फुओक खरंच गोंधळला. "मला वाटलं, कुणाशी तरी भांडायला थांबलीस."

कुओंगला हसू आवरेना. मलाही. लुआने आम्हा दोघांकडे असं पाहिलं की आम्ही गप्प झालो, कारण वहिनी रडत होती. ओठांचा रंग हनुवटीपर्यंत आलेला.

"हिचा हात धरतोस," वहिनी म्हणाली. "ह्या ठोंब्याचासुद्धा धरतोस. सव्वीस वर्षांत माझा कधी धरलास? एकदा तरी? मी काय, लाकडाची आहे? मला काय वाटत नसेल?"

फुओक सिगरेटकडे बघत राहिला. ती पेटलीच नव्हती. त्याने ती खिशात ठेवली. मग तो जे बोलला ते इतकं सलग त्याला बोलताना मी पूर्वी ऐकलं नव्हतं, पुढेही नाही.

"मी आलो तेव्हा अठराचा होतो. बेनत्रेहून, नारळाच्या होडीतून. ह्या चौकात तासभर उभा होतो डोक्यावर करंडा घेऊन. तेव्हा सगळ्या सायकलीच होत्या, तरी पाऊल उचलेना. तू मिरच्या घेऊन चालली होतीस. म्हणालीस, ए नारळवाल्या, मुळं फुटतील तुला इथं. आणि माझा हात धरलास. धरायचा कसा ते मला कुणी शिकवलं असेल? तूच."

वहिनीचं रडं थांबलं. तिला आठवत नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"हीच बाजू," फुओक म्हणाला. "इथं आणलंस, हात सोडलास, आणि म्हणालीस, आता आलं ना? उद्यापासून एकटा जा." त्याने खांदे उडवले. "मी गेलो. अजून एकटाच जातोय."

बाजारातला टोपीवाला आमच्याकडे आशेने बघत होता. वहिनीने नव्या कपड्याच्या बाहीने तोंड पुसलं, फुलांवर लाल डाग पडला. लुआने अजून तिचा हात धरलेलाच होता. वहिनीने तो सोडवून घेतला, रागाने नाही, आणि नवऱ्याचं मनगट पकडलं.

"चल," ती म्हणाली. "तुला अजून नीट येत नाही. मी नेते."

"अगं, आपल्याला बाजारात जायचंय. इकडे."

"बाजार कुठं पळून जातोय? चल म्हणते ना!"

आणि ती त्याला घेऊन पुन्हा रस्त्यात उतरली, आलो होतो त्याच बाजूला. मनगट धरलेलं होतं ते मध्यावर पोचेपर्यंत हातात हात झाला. पलीकडे गेल्यावरही तिने तो सोडला नाही. फुटपाथवर आमच्याकडे पाठ करून दोघं उभी राहिली. आम्ही वाट बघत होतो, ती परत येतील म्हणून. लुआने कुओंगचा हात शोधून धरला. मी दोन्ही हात खिशात घातले, आणि मला त्या चौघांचाही इतका हेवा वाटला की टोपीवाल्याने भाव सांगितला तेव्हा मी उगाचच त्याच्यावर खेकसलो.