डिजिटलवरचं जहाज

चौकात फ्लेक्सचं डिजिटल लागलं तवा मी पयल्यांदा माझा फोटो हुडकला. हुता, पण खाली, शुभेच्छुकांच्या ओळीत, पोस्टाच्या तिकिटाएवढा. वर आख्खा बोर्ड खाऊन आत्तीचा पोरगा, आमचा दादा. काळा गॉगल, हाताची घडी, आन् पाठीमागं जहाज. जहाज कसलं, समुद्रात उभी केलेली अपार्टमेंट. 'जहाजाचे मॅनेजर कोल्हापूरनगरीत, हार्दिक स्वागत.' ही सगळी काकाची करणी. दादानं फोनवर एवढंच सांगितलेलं, की मी जहाजावर खोल्यांचं बघतो. काकाच्या हिशेबात जो नुसता बघतो त्यो मॅनेजर. झालं, टाकलं छापायला.

माझं म्हणाल तर आमच्यात रविवारी शेतावर मटण शिजतं, आन् मटण शिजंस्तोवरचा तास माझा असतो. एसटीचा कंडक्टर, शाळंतलं हेडसर, तालमीतलं वस्ताद, म्हसरांचा दलाल, सगळ्यांच्या नकला करतो. शाळंत मी कायम मागच्या बाकावर, पण चुलीपाशी पयला नंबर. त्यो तास सोडला तर मला घरात कोण इचारत न्हाय.

त्या रविवारी त्यो तास दादानं खाल्ला.

आठ महिन्यांनी आलता. त्याचा फोन ह्या हातातनं त्या हातात फिरत हुता आन् माझ्याकडं सगळ्यांच्या पाठी.

"अठरा मजले," दादा म्हणाला. "अगदी वर पवायचा तलाव."

"खाली एवढा समुद्र आन् वर तलाव?" काका म्हणाला. "पाणी कमी पडतंय व्हय त्यास्नी?"

सगळी हसली. हा इनोद माझा हुता. माझ्या जिभेवर आलता, काकानं आधी टाकला.

दादा सांगतच सुटला. नाटकाचं थेटर हाय, जिम हाय, बर्फावर घसरायचं मैदान हाय, लोकं हौसंनं चढत्यात अशी एक भिंत हाय. जेवण तर दिवसभर मांडलेलंच.

"तांबडा रस्सा?" काकानं इचारलं.

"न्हाय मामा."

सगळ्यांनी श्वास सोडला. मी सगळ्यात मोठा सोडला. एक तरी गोष्ट न्हाय म्हणायची त्या जहाजावर.

पण मग त्यो म्हणाला, "थेटरात संध्याकाळी एक माणूस एकटाच उभा ऱ्हातोय माईक घिऊन. लोकांचं आवाज काढतोय. हजारभर माणूस पोट धरून हसतंय. त्याला खोली, खाणं, वर पगार."

हे सांगताना माझ्याकडं बघितलं पण न्हाय. मी हितं फुकट घसा फोडतोय, वर पातेलं पण मलाच घासायला लावत्यात, आन् तिकडं एकजण त्याच कामावर समुद्र फिरतोय. मटणाच्या आधी मीच शिजलो.

मग मी दादाला बारीक बघायला लागलो. त्यो मीठ आणायला खोपीकडं गेला. खोपीचं दार सताड उघडं, आत नुसती शेळी. ह्या बाबानं चौकटीवर तीनदा टकटक केलं, एक पाऊल मागं सरला आन् थांबला. शेळीनं या म्हणायची वाट बघत असल्यागत. मला माझा माल घावला.

मी उठलो. "बघा, जहाजाचं मॅनेजर."

टकटक, मागं एक पाऊल, मान जरा तिरकी, दात हसत्यात पण डोळं न्हाय. मग मघाशी त्यानं बसाय अंथरलं तसंच घोंगडं झटकलं, अंथरलं, दोन्ही हातानं सारखं केलं, पडलेला टॉवेल दोन बोटानं उचलला. काका हसून चुलीत जायचा राहिला. सगळ्यांची तोंडं परत माझ्याकडं वळली. एवढंच तर पायजे हुतं मला.

आत्ती तेवढी हसली न्हाय. तिनं रस्सा ढवळायचा डाव खाली ठेवला. आत्तीनं देवळाजवळच्या लॉजवर बारा वर्षं चादरी बदलल्यात, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय.

"ही चाल मला ठावं हाय," ती दादाला म्हणाली. "खोल्या झाडतोस व्हय रं?"

"व्हय आई."

आता कोण हसंना. काका उगंच पातेल्यात बघाय लागला.

"किती?"

"सोळा. सकाळ-संध्याकाळ."

"तू कुठं झोपतोस?"

"पाण्याच्या खालच्या मजल्यावर. दोघांत एक खोली, खिडकी न्हाय. त्या तलावात कवा उतरलो न्हाय मी. आम्हास्नी चालत न्हाय."

मला वाटलं आता आत्ती रडती. तिनं इचारलं, "चादरीचा कोपरा आत खोवतोस का लोंबता सोडतोस?"

"आत."

"मग बरं हाय," म्हणाली, आन् डाव परत हातात घेतला.

दादानं काकाच्या खांद्यावरचा टॉवेल वडला. दोन गुंडाळ्या, एक पीळ, आन् समोर हत्ती उभा. कान, सोंड, सगळं. पावण्यांच्या अंथरुणावर ठेवतो म्हणाला. आत्तीनं त्यो मांडीवर घेतला. "लॉजवर मला हे सुचलं न्हाय कवा," म्हणाली. घरी येताना गाडीवर तिनं त्यो दोन्ही हातात धरला, सोंड मोडू नये म्हणून. माझी नक्कल झाल्याला दोन तास झालं नव्हतं, आन् कुणाच्या ध्यानात पण नव्हती.

दादा परत गेला. डिजिटल अजून चौकात हाय. काका काढू देत न्हाय, म्हणतोय सोळा खोल्यांचा मॅनेजर तर हाय की. रविवारचा तास मला परत मिळाला, पण फर्माईश एकच. आत्ती म्हणती, "जहाजवाला कर."

मी करतो. टकटक, मागं पाऊल, हसू. मग ती काकाचा टॉवेल माझ्याम्होरं धरती. "आता हत्ती."

कुणाचा बी आवाज काढतो मी. पण चार रविवार झालं, सोंड काय उभी ऱ्हाईना.