अरविंदरावांची गाइता

सुनंदावहिनींच्या मोबाईलवरून एसएमएस आला, तेव्हा मी तांजोंग पगारच्या ऑफिसात सकाळच्या बातम्या लावत होतो. मजकूर सहा शब्दांचा होता : 'हे आज पहाटे गेले. घरीच. या.' संपादनाची सवय असलेल्या माणसालाही त्यातला एक शब्द कमी करता आला नसता. त्याला आता सात आठवडे झाले. अरविंद सबनीस एकसष्ट वर्षांचे होते. एका विमा कंपनीत नोकरी, चोवीस वर्षं सिंगापूर, क्लेमेंटीला फ्लॅट. एवढी माहिती शोकसंदेशाला पुरते. ते इथल्या एका हौशी बॅगपाईप बँडचे प्रमुख होते आणि आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी आपलं सगळं वादन मोडून नव्याने शिकायला घेतलं, हे त्यात मावलं नाही.

त्यांचे वडील बेळगावला लष्करी बँडमध्ये होते. अरविंदरावांनी स्कॉटिश पाईप त्यांच्याकडूनच उचलला, आणि त्याबरोबर शिस्तही. पाठ ताठ, नजर समोर, पावलं मोजून. या वाद्याची सगळी करामत काखेतल्या पिशवीत असते. वाजवणारा दम घेतो तेव्हा पिशवी दाबली जाते आणि सूर चालूच राहतो. "सूर तुटला की चालणारी रांग पडते," हे त्यांचं पहिलं वाक्य आणि बहुधा शेवटचंही. पुण्याहून आलेल्या एका आयटीवाल्याचा सूर सरावात तुटला, तेव्हा ते त्याला सर्वांसमोर म्हणाले होते, "राव, तुम्ही दम घेतलात ते पार चांगी विमानतळापर्यंत कळलं." सराव पुलाउ उबीनवर चाले. फ्लॅटमध्ये वाजवलं की शेजारी तक्रार करत, बहुमजली पार्किंगच्या गच्चीवर वाजवलं की समोरच्या इमारतीतले. म्हणून दर रविवारी बारा माणसं जमली की सुटणाऱ्या त्या बोटीतून सगळा बँड बेटावर जायचा. मी सायकल चालवायला जात असे. ओळख तिथली.

वन-नॉर्थच्या एका प्रयोगशाळेत काम करणारा आंतोन नावाचा स्पॅनिश माणूस एका रविवारी बोटीत भेटला. तो स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातला, गालिसियाचा. त्याच्याकडेही बॅगपाईप होता, पण तिकडचा. त्याला ते गाइता म्हणतात. स्कॉटिश पाईपला खांद्यावर तीन नळ्या, याला मुख्य एकच, मागे झुकलेली, लाल झालर लावलेली. स्कॉटिश पाईपवर नऊ स्वर. गाइतावर फुंकर वाढवली की सूर वरच्या सप्तकात चढतो. आवाज गोड, जरा लहान. आंतोन चिंचेच्या झाडाखाली उभा राहून वाजवायला लागला. पाठ ताठ नव्हती, गुडघे हलत होते. शहाळी विकणारी म्हातारी चिनी बाई हातातला कोयता खाली ठेवून स्टॉलबाहेर आली. मग दोन बोटवाले आले. त्यातल्या एकाने कमरेवर हात ठेवून चक्क दोन पावलं टाकली. अरविंदराव तिकडेच बघत होते. "नाचाची चाल आमच्यातही आहे, जिग. त्याच सहा मात्रा," ते मला म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "नऊ वर्षं इथे वाजवतोय... ती बाई कधी स्टॉलबाहेर आली नव्हती."

त्याच वर्षी त्यांच्या फुफ्फुसांचा आजार निघाला. फुफ्फुसं हळूहळू घट्ट होत जाणार, हे डॉक्टरांनी न लपवता सांगितलं आणि फुंकणं बंद करायला लावलं. बँडची सूत्रं त्यांनी दुसऱ्याकडे दिली. सर्वांना वाटलं, प्रकरण मिटलं. महिन्याभराने त्यांनी आंतोनची जुनी गाइता मागून आणली. तिला जोर कमी लागतो, हा युक्तिवाद करून डॉक्टरांकडून दिवसाला दहा मिनिटं मिळवली. वहिनी भडकल्या. "डॉक्टर बोलले ते इंग्रजीत होतं म्हणून कळलं नाही का? मराठीत सांगू?" या हट्टाचं कारण अरविंदरावांनी मला सांगितलं, हॉकर सेंटरमध्ये, समोरचा चहा निवू देत. "तीस वर्षांत सुनंदा एकदाही माझं वाजवणं ऐकायला बसलेली नाही. मी पिशवी काखेत घेतली की ती उठून आत जाते. एकदा तिला बसलेली बघायचंय. दम आहे तोवर."

वहिनींची बाजूही नोंदवायला हवी. "तो आवाज लागला की उठून सलामी ठोकावीशी वाटते," त्या म्हणायच्या. "मी भाजी कशी चिरायची?"

स्कॉटिश बोटांना गाइता शिकवणं सोपं नव्हतं. भोकं झाकायची रीतच वेगळी. चार महिन्यांनी त्यांना एक मुइन्येइरा जमली. पाणचक्कीवर दळणाची वाट बघता बघता लोक नाचायचे, तो हा नाच. अरविंदराव तो नाच ठोके देणारा मेट्रोनोम लावून वाजवत. एकही मात्रा इकडची तिकडे नाही. आंतोन ऐकून म्हणाला होता, फार स्वच्छ आहे, आणि हे कौतुक नव्हतं. पुढचं मी स्वतः पाहिलं. रविवारची दुपार, अरविंदराव हॉलमध्ये वाजवत होते, वहिनी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. अचानक त्या पिठाच्या हातांनी दारात आल्या.

"अहो, कवायत चाललीय का? बाईने पाय उचलायच्या आत तुम्ही पुढे!"

"कुठली बाई?"

"नाचणारी! हा झिम्मा आहे ना? मग असा वाकडा का वाजवताय?"

वहिनी कोल्हापूरच्या. लग्नाआधी मंगळागौरी जागवणाऱ्यांत त्यांचं नाव पुढे असे. हे अरविंदरावांना माहीत होतं; त्याचा आपल्या वाद्याशी काही संबंध असेल, हे तीस वर्षांत सुचलं नव्हतं. त्यांनी मेट्रोनोम बंद केला. वहिनींनी टाळी धरली. पहिली टाळी जरा रेंगाळणारी, मग दोन झटकन, मग पुन्हा रेंगाळणारी. पीठ सोफ्यावर उडत होतं. त्या दिवसापासून त्या दहा मिनिटांत वहिनी समोरच्या खुर्चीत बसत आणि चुकलं की मांडीवर थाप मारत. ते त्यांच्याकडे बघून वाजवत. खरं तर त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. पण आता वहिनींना आणखी हवं होतं.

श्रावणात शेजारच्या कॉन्डोत एका नव्या सुनेची मंगळागौर होती. मंगळवारी कोणालाच रजा नाही, म्हणून शनिवारी दुपारी, फंक्शन रूममध्ये. वहिनींनी परस्पर जाहीर केलं की झिम्म्याला हे वाजवणार. तोवर अरविंदराव जिना चढताना दोनदा थांबत असत. "मध्येच तुटलं तर?" त्यांनी मला गाडीत विचारलं. दुसऱ्यांना ते ज्यासाठी टाकून बोलले होते, ते त्यांच्याकडूनच होणार होतं, आणि तेही पंचवीस बायकांसमोर, वहिनी मध्ये उभ्या असताना.

ते तुटलं. दुसऱ्या फेरीत, ओळ संपत असताना, सूर खाली घसरला आणि बंद पडला. बायका वाकलेल्या तशाच राहिल्या. अरविंदरावांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्याचं वर्णन करणार नाही. वहिनींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या ओरडल्या, "दम घेतायत गं! गिरकी घ्या!" पंचवीस साड्या एकदम फिरल्या. गिरकी पुरी होईपर्यंत पिशवी भरली होती. त्यांनी पुढची ओळ धरली. तिसऱ्या फेरीत त्याच जागी सूर पुन्हा थांबला, आणि आता बायका त्याची वाटच बघत होत्या. चौथ्या फेरीत कोणी तरी "आता!" म्हणालं. नवी सून हसता हसता खाली बसली. "सबनीसकाका, असला झिम्मा आम्ही कुठेच खेळलो नाही," एक मुलगी म्हणाली. ते खुर्चीत बसून श्वास जमवत होते. मी जवळ गेलो.

"तुटला रे," ते म्हणाले.

"हो."

"कोणी पडलं नाही."

त्यानंतर ते सहा महिने जगले. शेवटचे दोन महिने ऑक्सिजन होता आणि वाजवणं नव्हतं. वहिनी समोर बसून टाळी धरत, ते पांघरुणावर बोटं चालवत.

गेल्या रविवारी आंतोन त्याची गाइता न्यायला आला. मला वहिनींनी बोलावून घेतलं होतं. इंग्रजीला सोबत असावी म्हणून, असं त्या म्हणाल्या. पेटी बंद करण्याआधी त्यांनी त्याला एकदा वाजवायला सांगितलं. तो त्याच्या गावच्या रीतीने वाजवू लागला, सुंदर, एकसंध, कुठेही न थांबता. वहिनी टाळी धरत होत्या. दुसऱ्या फेरीत त्यांची टाळी अडखळली आणि त्यांनी हात वर केला.

"नो, नो. हिअर स्टॉप," त्या म्हणाल्या. "हिअर ही टेक्स ब्रेथ."

आंतोनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली आणि त्या जागी थांबला. खालून एमआरटीची गाडी गेल्याचा आवाज ऐकू आला. वहिनी डोळे मिटून, एका गिरकीला लागतो तेवढा वेळ, गप्प बसून होत्या. मग त्यांनी टाळी दिली, आणि त्याने पुढची ओळ धरली.