दादाचं समुद्राचं मशीन

पंक्चरच्या दुकानापुढे बाकडं टाकलं की किस्से आपोआप जमतात. टायर काढायला दहा मिनिटं लागतात, बोलण्यात तास जातो. पंचवटीत आमच्या अन्वरचं दुकान तसंच आहे. माझी रिक्षा तिथेच उभी असते. पोस्टातून रिटायर झालेले शिंदे मामा फक्त पेपर वाचायला येतात आणि जेवायलाच घरी जातात. आमच्या तिघांचे सगळ्यात जास्त किस्से एकाच मशीनचे झाले.

मशीन माझ्या दादाचं. पाण्याखालचं सोनंनाणं शोधणारं मेटल डिटेक्टर. खाली जेवणाच्या ताटाएवढी गोल थाळी, वर लांब दांडा, दांड्याला डबा आणि डब्याला हेडफोन. बोटीवर नोकरी केलेल्या एका माणसाकडून दादाने ते जुनं घेतलं, बंद पडलेलं. दादा जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचा, त्यामुळे बंद वस्तू दिसली की त्याचा हात थांबत नसे.

एसटीतून घरी आणताना कंडक्टरने विचारलं, "फवारणीचं आहे का? द्राक्षाला की टोमॅटोला?"

दादा म्हणाला, "समुद्राला!"

कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं.

दुरुस्त करायचं राहिलं. वैशाखात दादा तापाने गेला. चार दिवसांत. अजून दुपारी जेवायला बसलो की मी दोन ताटं घेतो.

मशीन बाहेरच्या खोलीत कॉटखाली होतं. केर काढताना वहिनीचा झाडू रोज त्याला लागायचा. एक दिवस ती म्हणाली, "भाऊजी, ह्यांनी ते समुद्रासाठी आणलं होतं. दिवाळीपर्यंत समुद्रात वाजलं तर ठेवू. नाहीतर भंगारवाल्याला द्या. मला ते रोज बघवत नाही."

मी सातवी नापास, पण एवढं समजलं. त्याच दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन डबा उघडला. जोर जास्त लागला आणि आतली पाणी अडवणारी रबराची रिंग तुटली!

*

अन्वरने सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक नळी कापून नवी रिंग बसवली. आत तुटलेल्या दोन वायरी दादाच्या सोल्डरिंग गनने डाग देऊन जोडल्या. आता पाणी आत जातं का ते बघायचं होतं. अन्वरने ट्यूब तपासायच्या पाण्यात अख्खा डबा दाबून धरला.

एक बुडबुडा आला.

अन्वरने डबा वर काढला, पुसला, बुडबुड्याच्या जागी पेन्सिलने गोल केला, कानस घेतली आणि घासायला लागला. बाजूला सोल्यूशनची ट्यूब उघडी!

"अरे, काय करतोस?"

"पॅच मारतोय ना यार!" तो म्हणाला, आणि मग हातातल्या डब्याकडे बघत बसला.

झाकण नीट आवळल्यावर बुडबुडा थांबला. पण ओरखडा कायमचा राहिला.

*

मशीनबरोबर इंग्रजी पुस्तक होतं. आमच्यात इंग्रजी फक्त मामांना. चष्मा लावून त्यांनी वाचलं, "हे बघ, सुरू करण्याआधी ग्राउंड बॅलन्स करायचं."

मी लगेच रिक्षा काढली. तिघं मैदानावर गेलो. तिथे क्रिकेटची मॅच चालू होती. मामा म्हणाले, "बॅलन्स कर." मी दांड्याच्या मध्याखाली एक बोट धरलं आणि मशीन तोललं. थाळीकडे झुकायचं, म्हणून दुसऱ्या बाजूला अन्वरने आपला पाना बांधला.

खेळ थांबला. बॅटिंग करणारा जवळ आला आणि म्हणाला, "काका, हा थर्ड अंपायर आहे का?"

परत येताना अन्वर म्हणाला, "मामा, ग्राउंड म्हणजे जमीन तर नसेल? आपल्याकडे अर्थिंगला पण ग्राउंड म्हणतात ना?"

मामा म्हणाले, "तेच तर मी मघापासून सांगतोय!"

*

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, समुद्र लांब आहे, आधी गोदावरीत बघू. मशीन आणि अन्वरला घेऊन घाटावर उतरलो. थाळी पाण्याजवळ नेली आणि हात थांबला. दादाच्या अस्थी तिथेच सोडल्या होत्या. तिथल्या पाण्यात काय शोधायचं?

मी पायरीवर बसलो. अन्वरने मशीन उचलून रिक्षात ठेवलं, मला मागे बसवलं आणि स्वतः पुढे बसला. रिक्षा त्याने आयुष्यात चालवली नव्हती. पहिल्याच गियरला थेट मेथीच्या गाडीत!

भाजीवाली ओरडली, "अरे, मेथी पाहिजे तर उतरून घे की!"

दोन जुड्या घेतल्या. वहिनीने विचारलं, "मेथी कशी काय आणली?" अन्वर म्हणाला, "रस्त्यात आली."

*

खाऱ्या पाण्यात मशीन वेगळं वागतं, असं पुस्तकात होतं. म्हणून वहिनीच्या प्लास्टिकच्या टबात समुद्र करायचं ठरलं. मी मीठ टाकायचो, मामा बोट बुडवून चाटायचे.

"अजून एक मूठ. समुद्र इतका अळणी नसतो."

"मामा, तुम्ही समुद्र कधी पाहिलाय?"

"नाही. पण अळणी नसतो!"

टबात रुपया टाकला, थाळी फिरवली. वाजलं! आम्ही तिघं नाचलो. आतून वहिनी आली. "लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ कुठं गेलं?" मग टबाकडे बघून म्हणाली, "टबात वाजलं. समुद्रात वाजू दे."

*

दसऱ्यानंतर आम्ही जव्हारमार्गे एसटीने डहाणूला गेलो. वहिनीही आली. म्हणाली, "मी स्वतः ऐकल्याशिवाय खरं मानणार नाही." गुडघाभर पाण्यात उतरून तिने पदर खोचला आणि हेडफोन कानाला लावले. मशीन मामांनी धरलं होतं. मी शेजारच्या झोपडीतून फावडं मागून आणलं.

"वाजतंय!" वहिनी म्हणाली.

मी खणलं. काही नाही. लाट आली, खड्डा बुजला.

"अजून वाजतंय?"

"वाजतंय."

पुन्हा खणलं. जागा बदलली, खणलं. हाताला फोड आले, कमरेपर्यंत भिजलो. असे पाच खड्डे झाले. कोरड्यात उभा असलेला अन्वर जवळ आला. "गण्या, ते फावडं जरा तिकडं फेक बरं."

मी फावडं लांब वाळूत फेकलं.

"वहिनी, आता?"

"थांबलं."

अन्वर हसत हसत पाण्यातच बसला. मामा म्हणाले, "लोखंडाचं आहे ना ते!"

मी चिडलो. "वहिनी, तुला कळलं नव्हतं?"

"पहिल्याच खड्ड्याला कळलं होतं."

"मग सांगायचं ना!"

तिने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. समुद्राकडे बघतच म्हणाली, "भाऊजी, ते फावडं जरा इकडे आणा."