नावन्हाय पाडा

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत आमचं नकाशे बनवायचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं आणि खाली कापडाचे लूम. लूम चालू असले की टेबल थरथरे, टेबलावरचा माउस थरथरे, आणि मी नकाशावर महाराष्ट्रात ठेवलेलं गाव गुजरातेत जाऊन पडे. म्हणून सीमेवरची गावं आम्ही लोडशेडिंगमध्ये बसवायचो. लाइट गेली की लूम बंद, आमचे कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू, आणि दोन राज्यांची हद्द तेवढा वेळ तरी एका जागी उभी राही.

एका संस्थेला महाराष्ट्र-गुजरात सीमेवरच्या पट्ट्याचा नकाशा इंटरनेटवर टाकायचा होता. गावाच्या ठिपक्यावर क्लिक केलं की शाळा, विहीर, बाजाराचा वार, एसटीचा थांबा, सगळं उघडायला हवं. इकडचे नकाशे मराठीत, तिकडचे गुजरातीत. दोन्ही शेजारी ठेवले की मधे एक पांढरी पट्टी उरायची, कारण दोन्हीकडच्यांनी हद्दीजवळ हात राखून काम केलं होतं. ती पट्टी भरायचं माझ्याकडे आलं. त्या पट्टीत माझ्या आईचं माहेर होतं, पाचपंचवीस घरांचा एक पाडा.

हे मी घरी बोलले, तिथे चुकले. आमचं घर जवळच्याच दिघाशी गावात. रोज संध्याकाळी मी दारात चप्पल काढते न काढते तोच आई विचारायची, "आलं का गं माझं माहेर?" जणू ते एसटीने यायचं होतं. मी हसण्यावारी नेई, पण तिला ते का हवं होतं हे मला ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या घरात ती 'पलीकडची' होती. भात चिकट झाला, पलीकडची. जास्त बोलली, पलीकडची. गप्प बसली तरी पलीकडचीच. आत्या तर तिच्यादेखत शेजारणीला सांगायची, "आमची वयनी पलीकडची हाय. गाव कुठं हाय, द्येवाला ठाव." आई खाली मान घालून तांदूळ निवडत राही. मला आत्याचा राग यायचा आणि आईच्या ऐकून घेण्याचा त्याहून जास्त.

पाड्यावर फोन नव्हता. मामाला रस्त्यावरच्या किराणा दुकानातल्या फोनवर बोलावून माहिती विचारायची ठरली. नेमकी त्या दिवशी मी तापाने घरी. फोन आमच्या कॉम्प्युटर ऑपरेटरने केला. हा माणूस उत्तर प्रदेशातला, चार मुलांचा बाप, मराठी भिवंडीतच शिकलेला आणि कामाला चोख.

पुढच्या रविवारी मी आईला ऑफिसात घेऊन गेले. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आत्याला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून ती आधी तयार होऊन बसली होती. ऑपरेटर रविवारीही कामावर होता. लाइट जायची वाट बघत आम्ही तिघींनी चहा घेतला. लाइट गेली, लूम थांबले, मी पांढऱ्या पट्टीतल्या नव्या ठिपक्यावर क्लिक केलं. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. तिने मोठ्याने वाचलं.

"नावन्हाय पाडा. शाळा, नाही. एसटी, नाही."

मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "बघ वयनी, कॉम्प्युटर पण त्येच म्हंतो."

मी ऑपरेटरकडे बघितलं. "मॅडम, मैंने पूछा नाम क्या है, वो बोले नाव न्हाय," तो म्हणाला. "बिना नाम का गाँव होता है क्या? मैंने सोचा यही नाम होगा।"

यात खोट काढायला जागा नव्हती. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आई पडद्याकडे बघत होती.

"आई, तिथे लोक म्हणतात तरी काय?"

"म्हाराष्ट्रातले म्हंतात पलीकडचा पाडा. गुजरातवाले पण त्येच म्हंतात, त्यांच्या भाषेत."

म्हणजे दोन राज्यांचं निदान एका गोष्टीवर एकमत होतं. मी 'नावन्हाय' पुसलं आणि 'पली' एवढं टाइप केलं. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"अलीकडचा लिही."

"असं कोण म्हणतं?"

"तिथं ऱ्हातात ते."

मी लिहिलं, अलीकडचा पाडा. खाली शेवटचा रकाना होता, माहिती देणाऱ्याचं नाव. त्यात मामाचं नाव होतं. "त्ये काढ, माझं घाल," आई म्हणाली. मी तिचं नाव लिहायला लागले तर तिने मान हलवली आणि दुसरंच नाव सांगितलं. सासरी बदललेलं नाव आम्हाला माहीत होतं. हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

आत्याचं हसू थांबलं. "ह्ये कोणाचं नाव?"

"माझं. अलीकडचं."

तेवढ्यात लाइट आली. खाली एकेक करत लूम सुरू झाले, टेबल थरथरायला लागलं. आईने माउसवरचा माझा हात वरून दोन्ही हातांनी दाबून धरला.

"हलू नको देऊ, बाय," ती म्हणाली.