मामांची गुलाबी नखं

माझ्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं, तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या डाव्या हाताची पाची नखं गुलाबी होती आणि ती मी रंगवलेली होती.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या. आमच्याकडं तीच पद्धत. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. जन्मभर घाटात गाडी चालवून आवाज असा झाला होता, की त्यांनी जेवताना मीठ मागितलं तर शेजारच्या काकू वाटी घेऊन यायच्या. आत्या मात्र हळू बोलणाऱ्या, कोडोलीच्या शेतकरी घरातल्या. त्यांना दमा होता. उदबत्ती, फोडणी, डासांची कॉइल, कशानंही छाती भरून यायची.

भावकीतल्या एका बारशाला कुणा पोरीनं हौसेनं आत्यांच्या करंगळीला नेलपॉलिश लावलं. ती पुढच्या बोटाकडं वळेपर्यंत आत्यांना धाप लागली. बाहेर नेऊन बसवलं, पंप दिला, तेव्हा कुठं त्या सावरल्या. घरी आल्यावर आम्ही सगळे ते विसरलो. मामा विसरले नाहीत. एका दुपारी ते स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी आवाज जमेल तेवढा खाली आणला (म्हणजे फक्त आमच्याच गल्लीला ऐकू गेलं).

"सुरेखा, ही भाकरी थापताना सारखी त्या करंगळीकडं बघती. हिला हवंय ते. पण मागायची न्हाय ती."

आता दिराच्या लग्नाची बोलणी चाललेली, मुलगा बोहल्यावर चढताना आत्यांची नखं रंगलेली असावीत, एवढीच मामांची इच्छा. आणि मी पडले बी.एस्सी. केमिस्ट्री! लग्नानंतर ह्या पदवीचा उपयोग मी फक्त दूध नासलंय का ते ओळखायला केला होता. मी त्याच संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन बसले. नेलपॉलिशमध्ये काय काय विषारी असतं ते वाचलं, घरी आले आणि माझ्या नेलपॉलिशच्या सगळ्या बाटल्या, रिमूव्हरसकट, कचऱ्याच्या गाडीत टाकून दिल्या. आमचे हे म्हणाले, आधी नवं काही सापडू दे, मग जुनं टाक. बँकेतला माणूस, त्याला संशोधनातलं काय कळणार, असं मी मनात म्हटलं.

पहिला प्रयोग बिटाचा करणार होते, पण चातुर्मास चालू होता आणि आमच्या जैन घरात त्या दिवसांत कंद येत नाही. म्हणून अळता घेतला, त्यात डिंक घोटला आणि आधी स्वतःच्या नखांना लावला. रंग सुंदर आला. फक्त तो वाळेना. घट्टपणा यावा म्हणून मी त्यात साखरेचा पाकही घातला होता, त्यामुळं दुपारी डोळा लागला तेवढ्यात मुंग्यांनी माझ्या हाताचा ताबा घेतला. आत्या शेजारी बसून एकेक मुंगी पदरानं हळूच झटकत होत्या. माझ्यासाठी एवढं नको करूस गं, असं म्हणत होत्या आणि मधेच तोंड फिरवून हसत होत्या. त्या हसल्या, म्हणून मी हट्टाला पेटले.

माझी नणंद बेंगळुरूला. तिनं लहान मुलांसाठी मिळणारं नेलपॉलिश पाठवलं. पाण्यात कालवलेला रंग, वास अजिबात नाही. आत्यांच्या दहाही बोटांना लावलं. दम लागला नाही, खोकला नाही. आत्या हात समोर धरून कितीतरी वेळ बघत बसल्या. आम्ही आनंदात होतो आणि त्या आनंदात संध्याकाळी भाकरीचं पीठ आत्यांनीच मळलं. ताटात आलेली भाकरी गुलाबी होती. हे म्हणाले, ही मी खाणार नाही. मामांनी मात्र ती झुणक्याबरोबर शेवटच्या घासापर्यंत खाल्ली आणि चवीला काय वाईट न्हाय म्हणून सांगितलं. आत्यांची नखं पुन्हा कोरी झाली होती. ताटावरून उठताना त्यांनी हात पदराखाली घेतले. ते मामांनीही पाहिलं आणि मीही.

मग नणंदेनं दुसरी बाटली पाठवली. ही मोठ्यांची, पाण्यातलीच, पण टिकाऊ. फोनवर तिनं सांगितलं, की पातळ हात दे आणि थोडी ऊब लागू दे, म्हणजे पक्का बसतो. आत्यांच्या बोटांवर थेट प्रयोग करायची माझी छाती होईना. माझी नखं डिंकानं सोललेली. ह्यांनी बँकेचं निमित्त काढलं. तेव्हा मामांनी डावा हात माझ्यापुढं ठेवला.

"ह्याच्यावर लाव. डिझेलात जन्म गेलाय ह्याचा. ह्याला काय हुतंय?"

पातळ हात म्हणजे किती पातळ हे न कळल्यामुळं मी चांगले जाड हात दिले, तेही एकावर एक. थोडी ऊब म्हणजे किती हेही न कळल्यामुळं देवघरातला मोठा बल्ब काढून टेबललॅम्पला लावला आणि मामांचा हात त्याखाली धरून बसवला. मामा तिथंच डुलकी घेऊन उठले. नखं अशी चमकत होती, जसा ट्रकवाल्यानं नवीन बंपर रंगवावा! पाण्यात धुतली, साबणानं घासली, पीठ मळून पाहिलं. रंग हलला नाही. मी जिंकले होते. आत्यांना उद्या लावू असं ठरलं.

तेवढ्यात फोन आला. मुलीकडचे चंदगडहून निघालेत, घर बघायला उद्याऐवजी आजच येतायत, रंकाळ्यापर्यंत पोचलेत.

आता रंग काढणं आलं. लिंबू चोळलं, व्हिनेगर चोळलं, गरम पाण्यात हात बुडवला. शेवटी टूथपेस्ट लावून ब्रशनं घासलं, तर चमक आणखी वाढली. शेजारच्या काकूंकडं बाजारातलं रिमूव्हर होतं. त्या बाटली घेऊन दारापर्यंत आल्यासुद्धा, पण मामांनी त्यांना तिथूनच परत पाठवलं. म्हणाले, घरात त्याचा वास सुटला की हिला धाप लागंल आणि पावण्यांपुढं बिचारीला बोलता यायचं न्हाय. मी म्हटलं, मामा, काकूंच्या घरी जाऊन पुसून या. ते चपला शोधत होते आणि पाहुणे दारात चपला काढत होते.

मुलीचे वडील, चुलते आणि आजी असे तिघं आले. मामांनी डावा हात टॉवेलखाली घेतला तो घेतलाच. पोहे एका हातानं खाल्ले. चहाची पंचाईत झाली, कारण मामांना बशीशिवाय चहा जात नाही आणि बशीला दोन हात लागतात. त्यांनी चहा नको म्हटल्यावर चुलत्यांच्या कपाळावर आठी आली. पाहुण्याबरोबर चहा घेत नाहीत म्हणजे ह्यांच्या मनात काहीतरी आहे, असं त्यांना वाटलं असणार. थोड्या वेळानं त्यांनी सरळ विचारलं, की पावणं, हाताला काय झालंय.

मामा म्हणाले, लागलंय. त्याच क्षणी हे म्हणाले, मुरगळलाय. आणि मी, घरातली शिकलेली सून, म्हणाले, भाजलंय.

माझ्या दिराचा चेहरा पांढरा पडला. मुलगी त्याला फार आवडली होती. मुलीचे वडील भिंतीकडं बघायला लागले. एवढ्याशा गोष्टीत तीन तऱ्हेनं खोटं बोलणारं घर, असंच त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. आजी तेवढ्या उठल्या. गावात त्या मोडलेली हाडं बसवायच्या, हे आम्हाला त्याच वेळी कळलं. त्या मामांच्या शेजारी बसल्या आणि माझ्या हाताला गुण हाय, दाव बघू, असं म्हणत त्यांनी टॉवेल बाजूला केला.

पाच नखं झगझगली.

मामांनी घाटात ब्रेक निकामी झालेली गाडी डोंगराला टेकवून थांबवली होती, असं आम्ही ऐकून होतो. त्या माणसाला घाम फुटलेला मी त्या दिवशी पाहिला. बोलल्या त्या आत्या, ज्या पाहुण्यांसमोर कधी तोंड उघडत नसत.

"माझ्यापायी लावलंय ह्यांनी. मला वासानं दम लागतोय. पण मला हौस हुती. म्हणून आधी स्वतःच्या हातावर लावून बघितलं."

एवढं बोलून त्यांना धाप लागली, ती मात्र वासाची नव्हती. मामा चटकन उठले आणि त्याच गुलाबी हातानं त्यांनी पंप काढून दिला. आत्यांचा श्वास जागेवर येईपर्यंत पाठीवर हात फिरवत उभे राहिले. पाहुणे आहेत, नखं दिसतायत, कसलंच भान नव्हतं त्यांना.

आजींनी ते सगळं पाहिलं. मग मामांचा हात नाकाशी नेऊन हुंगला आणि खरंच वास न्हाय की, असं स्वतःशीच म्हणाल्या. मुलीच्या वडिलांकडं वळल्या.

"घर बघायला आलतो न्हवं आपण? बघून झालं. पोरगी हितं द्यायची."

मुलीचे वडील काहीतरी विचारू बघत होते, पण आजींनी तोवर स्वतःचा हात माझ्यापुढं धरला होता. त्यांच्याही नखांना मी तोच रंग लावला. बल्ब पुन्हा पेटवला. ह्या वेळी मामांनी चहा घेतला, बशीतून, दोन्ही हातांनी.

लग्नात आत्यांची नखं मामांनी रंगवली. अर्धा रंग नखांवर आणि अर्धा बोटांवर, पण आत्यांनी त्याला कुणाला हात लावू दिला नाही. अक्षता टाकताना त्या हात जरा जास्तच वर नेत होत्या.

रंग कसा काढायचा, हा प्रश्न राहिला. त्यावर मी पुढं बरेच दिवस संशोधन केलं. ताक, रिठा, खोबरेल, सगळं करून झालं. अखेर ज्याला वास नाही, ज्यात विष नाही, ज्यानं दम लागत नाही असं रिमूव्हर एका रविवारी मामांनीच शोधलं. उन्हात पायरीवर बसून त्यांनी आधी आत्यांची वाढलेली नखं कापली आणि मग स्वतःची.

त्याला नेलकटर म्हणतात. बी.एस्सी.ला तो आम्हाला नव्हता.