बाबांच्या वतीने

बाबांचा आवाज गेला तेव्हा मी अकरावीत होते. गेला म्हणजे बसला नव्हे. घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं, आणि त्यानंतर बाबा मानेच्या पायथ्याशी ठेवलेल्या एका छिद्रातून श्वास घेऊ लागले. त्यावर आई मलमलीचा पातळ रुमाल बांधून द्यायची. ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. ते हसले तरी फक्त खांदे हलायचे.

त्याआधी दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत बाबांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. गणपतीत कार्यक्रमांचं निवेदन तेच करायचे. वार्षिक सभेत आवाज चढले की कुणीतरी म्हणायचं, "भाईसाहब, अब आप बोलिए." बाबा उठायचे, समोरचा माईक बाजूला सारायचे आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं शांतपणे बोलायचे. आजारपणानंतर, ते नोकरीला होते त्या मंत्रालयात त्यांना फायलींच्या टेबलावर बसवलं. सोसायटीच्या सभांना ते जायचे, पण आता त्यांना कुणी काही विचारत नसे.

दिल्लीत तेव्हा सगळं भराभर बदलत होतं. घरोघरी केबल आली, आवारात स्कूटरींच्या शेजारी नव्या गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि गाड्यांपाठोपाठ चोरीची भीतीही आली. सोसायटीच्या मागच्या बाजूला एक छोटं लोखंडी गेट होतं. पलीकडच्या वस्तीतल्या बायका त्यातून आमच्याकडे कामाला यायच्या आणि त्यांची मुलं आमच्या आवारातून सरकारी शाळेत जायची. ते गेट काढून तिथे भिंत घालायची, असा ठराव येणार होता. भिंत झाली असती तर मुलांना मोठ्या रस्त्यानं जावं लागलं असतं, आणि त्या रस्त्यावर बसगाड्या शर्यत लावल्यासारख्या धावायच्या.

एका संध्याकाळी बाबांनी मला समोर बसवलं. त्यांचे ओठ वाचायला आम्ही घरातले शिकलो होतो.

"सभेत तू बोलायचंस. गेट आहे तसंच राहावं, हे सांगायचंस. माझ्या वतीनं."

"मी? बाबा, तिथे सगळे अंकल लोक असतात. माझं कोण ऐकणार?"

मी स्वयंपाकघराकडे बघून म्हटलं, "आई, तू तरी सांग ना."

आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना बोलायचंय गं. दुसरं कोण बोलणार त्यांच्यासाठी?"

मग रोज संध्याकाळी बाल्कनीत माझी तालीम सुरू झाली. भाषण बाबांनी हिंदीत लिहिलं होतं. आधी त्यांनी स्वतःच्याच शब्दांवर काट मारली. 'आवागमन' आणि 'असुविधा' या दोन शब्दांवर पेन्सिल टेकवून त्यांनी मला विचारलं, "आई भाजीवाल्याशी बोलताना हे शब्द वापरते का?" मी नाही म्हटलं, आणि ते शब्द गेले. पाठांतर त्यांनी करू दिलं नाही. "मुद्दे कुठल्या क्रमानं येतात तेवढं लक्षात ठेव. शब्द पाठ केलेस तर एक विसरलीस की सगळं विसरशील."

मी घाईनं बोलले की ते कठड्यावर बोटानं एकदा वाजवायचे. म्हणजे थांब, ऐकणाऱ्याला पोचू दे. ते थांबणं मला फार जड जायचं. दोन वाक्यांमधल्या शांततेत आपण उघडे पडतो असं वाटायचं. बाबा तर आता कायमचे त्या शांततेतच राहत होते, पण हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी एका गोष्टीवर घालवला. ते स्वतः विरोधी पक्ष व्हायचे. "माझी स्कूटर चोरीला गेली. आता बोल." मी लगेच उलट उत्तर द्यायला लागले की ते हातानं थांबवायचे. "आधी माझं म्हणणं तुझ्या तोंडून मला ऐकव. नीट ऐकव. मला पटू दे की तुला कळलंय. मग तुझं सांग."

सभा रविवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये होती. अध्यक्ष फौजेतून निवृत्त झालेले होते. बाबांनी चिठ्ठी पुढे केली, त्यांनी ती वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बच्ची बोलेगी?" मागून कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी त्या दिशेला बघितलं आणि मला म्हणाले, "आओ बेटा."

बाबा मागच्या रांगेत जाऊन बसले. क्रम लक्षात होता. शाळेत जाणारी मुलं, मोठा रस्ता, आमच्या घरात येणाऱ्या त्यांच्या आया. बोलता बोलता मी सवयीनं बाबांकडे बघत होते. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. ते सगळं भाषण तिथे बसून बोलत होते.

मी संपवलं आणि खाली बसणार, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे एक काका उभे राहिले. "बहुत अच्छा बोली बेटा. लेकिन पिछले महीने मेरा स्कूटर गया. कल फिर गया तो ज़िम्मेदारी कौन लेगा?"

याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. ते काहीतरी सांगत होते, पण तेवढ्यात मधली माणसं वळून बोलू लागली आणि मला त्यांचे ओठ दिसेनात. हॉल माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "अंकल, आपका डर सही है. स्कूटर रात को गया था. आपको लगता है कि जिस रास्ते से बच्चे आते हैं, उसी से चोर भी आएगा." काकांनी मान हलवली. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तो गेट रात को बंद कर दीजिए. सुबह खोल दीजिए. बच्चे तो दिन में ही स्कूल जाते हैं."

थोडी कुजबुज झाली. अध्यक्षांनी हात मोजले. गेट दिवसा उघडं आणि रात्री कुलूपबंद ठेवायचं ठरलं. लोक माझी पाठ थोपटून गेले.

जिना चढताना बाबा माझ्या पुढे होते. दम लागला म्हणून ते मधल्या मजल्यावर थांबले आणि वळले.

"रात्री बंद करा, असं मी म्हटलं नव्हतं."

"पण बाबा, नाहीतर भिंत झाली असती!"

"झाली असती. तरी ते माझं म्हणणं नव्हतं." त्यांनी गळ्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाले, "चांगलं बोललीस. पण माझ्या वतीनं नाही बोललीस."

मला रडू आलं. ते त्यांनी पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या पायऱ्या चढू लागले.

पुढच्या वर्षी परदेशी वस्तू पूर्वीपेक्षा सहज मिळू लागल्या होत्या. डॉक्टरांच्या ओळखीनं बाबांसाठी एक यंत्र आलं. टॉर्चएवढं ते यंत्र गळ्याला टेकवून ओठ हलवले की आवाज उमटायचा, सपाट, भुंग्याच्या गुणगुणण्यासारखा. त्यात चढउतार नव्हता. आईनं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती म्हणाली, "अहो, हा तुमचा आवाज नाही." बाबा यंत्रातून म्हणाले, "आता हाच आहे."

त्या वर्षीच्या सभेत त्यांनी स्वतः बोलायला परवानगी मागितली. पहिल्याच वाक्याला पुढे बसलेली मुलं फिसकन हसली. बाबांनी यंत्र खाली घेतलं, हसू ओसरू दिलं आणि पुन्हा गळ्याला लावलं. "पिछले साल मेरी बेटी ने जो कहा, वह उसकी राय थी. मेरी राय मैं आज बताता हूँ." हिवाळ्यात वस्तीतल्या एका बाईला रात्री कळा सुरू झाल्या होत्या. गेटला कुलूप होतं, म्हणून तिला मोठ्या रस्त्यानं फिरवून रिक्षापर्यंत न्यावं लागलं. तेवढंच त्यांनी सांगितलं आणि गेट रात्रीही उघडं ठेवावं, तिथे एक चौकीदार बसवावा, अशी मागणी केली. तो आवाज कुणाला रडवू शकत नव्हता, दरडावू शकत नव्हता. त्यात नुसते शब्द होते, आणि हॉलमधले सगळे ते ऐकत होते.

बाजूनं थोडेच हात वर झाले. मी सभासद नव्हते, त्यामुळे माझ्या मताचा प्रश्न नव्हता. असतं तर मी हात वर केला असता का, हे मला आजही सांगता येत नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय झालं?"

"हरलो," बाबा म्हणाले. यंत्र खिशात ठेवून त्यांनी हात धुतले आणि जेवायला बसले. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.