आईंची आंघोळ

बाथरूममध्ये टब बसवायचा हट्ट माझा होता. हे आधीच सांगते, कारण पुढे घरात जे झालं त्याचं खापर मी बरेच दिवस नवऱ्यावर फोडत होते.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. मी बँकेत, नवरा एका खासगी कंपनीत. दोघांचीही नोकरी लखनौत स्थिरावली तेव्हा अलीगंजमध्ये एका जुन्या दुमजली घराचा वरचा मजला घेतला. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच होत्या. मी त्यांना आई म्हणायचे. खालच्या मजल्यावर एक वयस्कर बाई एकट्या राहायच्या, त्यांना अख्खी गल्ली अम्माजी म्हणे.

घरात बाथरूम एकच, तीही उखडलेल्या फरशीची. ती नवीन करायची ठरली तेव्हा नवरा म्हणाला, "शॉवर बसवू. जागा कमी लागते, पुसायला सोपं. आईला स्टुलावर बसून बादलीतनं आंघोळ करता येईल."

मला टब हवा होता. आमच्या माहेरी अकरा माणसांत एक मोरी होती, पत्र्याच्या दाराची. अंगावर दुसरा तांब्या घेतला की बाहेरून कोणीतरी दार वाजवायचं. एकदा बँकेच्या ट्रेनिंगला हॉटेलात उतरले होते. तिथल्या टबात तासभर पडून राहिले आणि मला कोणीही हाक मारली नाही. चाळिशी उलटली होती, कमावत होते, तेवढं एक सुख घरात असावं असं वाटलं तर काय चुकलं? मी आईंना विचारलंसुद्धा, "तुम्हाला चालेल ना?"

"तुझी हौस आहे तर कर की," त्या म्हणाल्या. "मला काय, चार तांबे पाणी पुरतं."

ते चार तांबे त्या कुठे बसून घेणार, हे मी विचारलं नाही.

प्लंबर माप घेऊन म्हणाला, "भाभीजी, टब तो लग जाएगा, पर इस गीज़र से भरेगा नहीं." मी त्याला गप्प केलं. टबाने एक भिंत पूर्ण व्यापली. खाली बादली ठेवायला जागा उरली नाही. आंघोळ करायची तर टबात उतरून, उभं राहून, हँडशॉवरनेच.

पहिल्याच हिवाळ्यात माझी हौस फिटली. गीझरचं सगळं पाणी सोडलं तरी टबात घोट्याएवढं यायचं. पुन्हा गीझर तापेपर्यंत आधीचं पाणी गार. बाहेर धुकं, आत मी गुडघे पोटाशी घेऊन कोमट पाण्यात कुडकुडत. पाच-सहा वेळा केलं असेल, मग सोडून दिलं. इथल्या क्षाराच्या पाण्याने हँडशॉवरची भोकंही बुजायची. नवरा रविवारी टाचणीने ती मोकळी करायचा. एक शब्द बोलायचा नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

आई सकाळी आंघोळ करीनाशा झाल्या. "दुपारी करते, ऊन असतं," म्हणायच्या. दुपारी मी बँकेत. संध्याकाळी कळायचं, की त्या अम्माजींकडे गप्पा मारायला गेल्या होत्या. आईंचं हिंदी मोडकंतोडकं, अम्माजींना मराठीचा गंध नाही. काय बोलत असतील दोघी, म्हणून मी हसायचे.

मार्चमध्ये एक दिवस ताप आला म्हणून मी दुपारीच घरी आले. अम्माजींचं दार उघडं होतं. त्यांच्या अंगणात पाटावर आई बसल्या होत्या, ओले केस पाठीवर मोकळे. बाजूला रिकामी बादली. मला पाहून त्या दचकून उभ्या राहिल्या, जणू चोरी पकडली. अम्माजी मात्र बसूनच होत्या. म्हणाल्या, "बेटा, बुरा मत मानना. तुम्हारे यहाँ एक बाल्टी रखने की जगह नहीं निकली?"

वर आल्यावर मी आईंना नको नको ते बोलले. लोक काय म्हणतील, सुनेने सासूला आंघोळीलासुद्धा जागा ठेवली नाही, असलं सगळं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, एकदा त्यात पाय घसरला माझा. नळ धरला म्हणून वाचले. मग तो काठ ओलांडायचा धीरच होईना."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. ह्याला."

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. "हो, थंडी सुरू झाली तेव्हापासून मला माहीत होतं," तो म्हणाला.

"चार महिने? आणि मला सांगितलं नाहीस?"

"टब बसवायच्या आधी सांगितलं होतं. ऐकलंस? नंतर आईची सोय झाली होती, म्हटलं कशाला वाद."

आपलंच खरं होतं हे मला कधीतरी कळावं म्हणून त्याने स्वतःच्या आईला चार महिने जिने उतरायला लावले, असं मी त्याला म्हटलं. ते वाक्य आजही आमच्यात तसंच पडून आहे.

आठवड्याभरात टब काढला. दारातून निघेना, म्हणून प्लंबरने हातोड्याने फोडला. शॉवर आला, भिंतीला धरायला दांडी आली, स्टूल आलं, बादली आली. आईंना हात धरून दाखवलं. "छान झालं हं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी टॉवेल घेऊन खाली गेल्या.

"आता कशाला जाता?" मी रविवारी विचारलं.

"ती पाठ चोळून देते गं माझी. वर कोण असतं?"

पुढच्या वर्षी गुडघ्यांनी जिना नको म्हटलं. आई सांगलीला माझ्या नणंदेकडे गेल्या, तिचं घर तळमजल्यावर. जाताना अम्माजींच्या गळ्यात पडून रडल्या. मला म्हणाल्या, "तब्येतीला जप." मी फोनवर परत बोलावलं की म्हणायच्या, तिकडे थंडी फार. उन्हाळ्यातही तेच म्हणायच्या.

दीड वर्षाने त्या तिथेच गेल्या. आम्ही निरोप मिळताच निघालो, पण इथून सांगली म्हणजे दोन गाड्या बदलायच्या. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

परत आल्यावर अम्माजींना सांगायला मीच खाली गेले. त्यांनी विचारलं, "आख़िर में नहलाया किसने?"

मला माहीत नव्हतं. सांगलीला तेरा दिवस राहून आले होते, पण हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.